बोली २,३५० वर असताना लिलाव रद्द: ग्वाल्हेरच्या एका तिकीट-लॉटचं प्रकरण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका निवृत्त शिक्षकांनी आजोबांच्या अल्बममधली ग्वाल्हेर संस्थानची ६१ टपाल तिकिटं एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एकत्र, म्हणजे एकच लॉट म्हणून, लिलावाला लावली. सुरुवात ६०० रुपयांपासून, वाढ किमान ५० रुपयांची, मुदत गुरुवार रात्री ९ ते रविवार रात्री ९. शनिवारी दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी, सात बोली येऊन आकडा २,३५० वर पोचलेला असताना, त्यांनी ग्रुपवर लिहिलं: "नमस्कार. अल्बमवर पाणी सांडल्यामुळे लॉट खराब झाला आहे. लिलाव रद्द करत आहे. क्षमस्व." मुदत संपायला अजून २८ तास ५० मिनिटं होती.

सर्वात वरची बोली इंदूरच्या एका संग्राहकाची होती. त्यानं लगेच उत्तर दिलं: "काका, ओला लॉटही चालेल मला. फोटो तेवढे टाका." फोटो आले नाहीत. नऊ दिवसांनी त्याच अल्बममधली दोन तिकिटांची जोडी एका फेसबुक ग्रुपवर विक्रीला दिसली, अपेक्षा ४५,००० रुपये. विकणारा वडोदऱ्याचा व्यापारी होता, आणि तो या व्हॉट्सॲप ग्रुपचाही सदस्य होता. मग ॲडमिनला अकरा मेसेज गेले आणि प्रकरण उभं राहिलं.

(माणसं, आकडे आणि घटनाक्रम अभ्यासासाठी रचलेले आहेत. तिकिटांची, कायद्याची आणि लिलावपद्धतींची माहिती खरी आहे.)

लॉटमध्ये नेमकं काय होतं

ग्वाल्हेर दरबारानं स्वतःच्या चित्राची वेगळी तिकिटं काढली नव्हती. ब्रिटिश टपाल खात्याशी करार झाल्यावर १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर संस्थानचं नाव छापून ती वापरली गेली: एक ओळ इंग्रजीत, एक नागरीत. असा करार असलेली संस्थानं सहा: चंबा, फरीदकोट, ग्वाल्हेर, जिंद, नाभा आणि पटियाळा. यांची तिकिटं लावलेलं टपाल संस्थानाबाहेर, सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानातही जाई. होळकरांच्या इंदूरची गोष्ट निराळी. तिथं १८८६ पासून महाराजांच्या चित्राची स्वतंत्र तिकिटं निघाली, पण ती संस्थानच्या हद्दीतच चालायची. त्यामुळे ग्वाल्हेरची साधी तिकिटं आजही मुबलक आहेत. जुन्या मराठी घरांत, दरबारच्या हिशेबखात्यात किंवा टपालात नोकरी केलेल्यांच्या ट्रंकांत ती शेकड्यांनी सापडतात आणि किरकोळ भावात जातात.

किंमत येते ती छपाईच्या चुकांना. नाव छापायचे खिळे (धातूची सुटी अक्षरं) हातानं जुळवलेले असत. कुठं लहान आकाराचं अक्षर बसे, कुठं एखादं भलतंच. ग्वाल्हेरच्या इंग्रजी नावात 'ओ'च्या जागी 'सी' पडलेली चूक संग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहे आणि कॅटलॉगात तिची नोंद स्वतंत्र असते. हे चुकीचं तिकीट शेजारच्या बरोबर छापलेल्या तिकिटाला जोडलेलं असेल तर मोल आणखी वाढतं, कारण चूक एकाच छापील तावावरची असल्याचा पुरावा सोबतच असतो. आपल्या लॉटमध्ये अशीच जोडी होती: व्हिक्टोरिया राणीच्या छापाची, कमी किमतीची, वापरलेली दोन तिकिटं. डाव्यावर नाव बरोबर, उजव्यावर 'सी'.

विक्रेत्यांना हे ठाऊक नव्हतं. वर्णन होतं: "ग्वाल्हेर स्टेट, जुनी तिकिटं, ६१ नग, ४४ वापरलेली, १७ कोरी. जशी आहेत तशी." सोबत तीन फोटो, तेही साध्या पद्धतीनं पाठवलेले. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. 'सी'ची फट आणि 'ओ'चं वर्तुळ यांत फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, तो दाबलेल्या फोटोत बहुतेकांना दिसत नाही. तिकिटांचा लॉट लावायचा तर ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), काळ्या कागदावर ठेवून स्कॅन करावा, म्हणजे कडेचे दातही नीट दिसतात. आणि फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी, म्हणजे ती मूळ आकारात पोचते. हे एवढं झालं असतं तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

पाण्याचं कारण का टिकलं नाही

वापरलेल्या तिकिटांना मागे डिंक उरलेला नसतो. पाकिटाच्या कागदावरून ती सोडवायची रीतच मुळी साध्या पाण्यात भिजवण्याची आहे: दहा-पंधरा मिनिटं, मग चिमट्यानं उचलून टिपकागदावर उलटी. काही शाया पाण्यात उतरतात हे खरं, आणि कोऱ्या तिकिटांचा डिंक जाऊन ती पानाला चिकटतात हेही खरं. पण ६१ पैकी ४४ वापरलेली असताना "लॉट खराब झाला" हे जाणत्या माणसाला पटणारं नव्हतंच. इंदूरकरानं ओला लॉट मागितला तो याच कारणानं. खरंच पाणी सांडलं असतं तर विक्रेत्यांनी भिजलेल्या पानाचा एक फोटो टाकला असता आणि विषय मिटला असता.

फेसबुकवरची जोडी तीच, हे ठरवणंही अवघड गेलं नाही. दात कापलेली दोन तिकिटं कधीच तंतोतंत सारखी नसतात. ॲडमिननं विक्रेत्यांचा पहिला फोटो आणि व्यापाऱ्याचा फोटो शेजारी ठेवले. दोन्हीत वरच्या कडेचा डावीकडून चौथा दात आखूड, टपालाच्या गोल शिक्क्याची कमान दोन्ही तिकिटांवर त्याच जागी, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात जुन्या हिंजचा (तिकीट अल्बममध्ये लावायच्या डिंकाच्या कागदी पट्टीचा) पिवळसर डाग. शिक्का हाच खरा ठसा मानावा. दात नंतर तुटू शकतो, शिक्का हलत नाही.

खाजगी मेसेज

शनिवारी दुपारी सव्वादोनला व्यापाऱ्यानं विक्रेत्यांना वेगळा मेसेज केला होता: "सर, त्या लॉटमधली एक जोडी मला पाहिजे. १८,००० देतो, आत्ता यूपीआय करतो. बाकीची तुमच्याकडेच ठेवा. ग्रुपमध्ये बोलू नका, लोक उगाच भाव पाडतात. आज संध्याकाळपर्यंत सांगा." विक्रेत्यांनी पावणेदोन तास विचार केला, मुलाला फोन केला, आणि हो म्हटलं. पैसे आले, जोडी स्पीड पोस्टानं महाराज बाड्यावरच्या पोस्टातून रवाना झाली.

मेसेजमधली सगळी हत्यारं जुनीच आहेत: घाई, गुप्तता आणि 'बाकीची ठेवा' हे औदार्य. ६०० ला लावलेल्या लॉटमधल्या दोनच तिकिटांना कुणी १८,००० द्यायला तयार आहे, याचा अर्थ त्याला काहीतरी दिसलं आहे जे तुम्हाला दिसलेलं नाही. तो आकडा म्हणजे किंमत नव्हे, ती खबर आहे. विक्रेत्यांनी ती खबर १८,००० ला विकून टाकली.

आमच्या मते या प्रकरणातला सर्वात मोठा दोष व्यापाऱ्याचा आहे. ग्रुपवरच्या तक्रारी मात्र जवळजवळ सगळ्या शिक्षकांवर होत्या. कारण सोपं आहे: रद्द केल्याचा मेसेज त्यांच्या नावानं दिसतो, खाजगी मेसेज कुणालाच दिसत नाही.

तोटा कुणाचा, किती

इंदूरकराचं म्हणणं: लिलाव थांबला तेव्हा बोली माझी होती, २,३५० ची. जोडी १८,००० ला गेली. म्हणजे माझं १५,६५० चं नुकसान, उरलेली ५९ तिकिटं वेगळीच.

हिशेब वरवर बरोबर आहे, पण त्यात एक गृहीत लपलं आहे. लिलाव रविवारपर्यंत चालला असता तर व्यापारीही ग्रुपवरच बोलला असता, आणि तो निदान १८,००० पर्यंत गेला असता. तेव्हा इंदूरकराला लॉट २,३५० ला मिळणार नव्हताच. त्याचं जे गेलं ते १८,००० च्या वर बोलायची संधी. तो किती बोलला असता? विचारल्यावर त्यानं २५,००० सांगितलं. नंतर सांगितलेल्या आकड्याला फार वजन देऊ नये, पण तो थोडा कमी धरला तरी एक गोष्ट उघड होते: लवकर थांबवण्याचा सर्वात मोठा फटका विक्रेत्यांनाच बसला. दोन जाणकार एकमेकांसमोर आले असते तर भाव १८,००० च्या वर गेला असता.

इथं लिलावाच्या वेळेबद्दल थोडं सांगायला हवं. "शनिवारपर्यंत फक्त २,३५०" हे पाहून विक्रेते नाराज होते. पण ठरलेल्या मिनिटाला संपणाऱ्या लिलावात जाणकार शेवटपर्यंत गप्प राहतात, म्हणजे स्पर्धकाला विचार करायला वेळ मिळत नाही. अर्थशास्त्रज्ञ ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ऑकनफेल्स यांनी २००२ मध्ये ईबे आणि ॲमेझॉनच्या लिलावांची तुलना करून हेच दाखवलं. ईबेवर मुदत पक्की, म्हणून शेवटच्या मिनिटांत बोलींची गर्दी. ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात बोली आली की मुदत वाढे, दहा मिनिटं शांत गेल्याशिवाय लिलाव संपत नसे, म्हणून तिथं ती गर्दी बरीच कमी. या ग्रुपवर मुदत पक्की होती. तेव्हा तिसऱ्या दिवशीचा आकडा मागणीचं माप नव्हताच. त्याच्याकडे पाहून घाबरणं म्हणजे कणीक मळत असतानाच पोळी कच्ची म्हणण्यासारखं आहे.

कायदा काय म्हणतो, आणि कुठं थांबतो

भारतात लिलावाचं कलम आहे माल विक्री अधिनियम, १९३० चं ६४ वं. त्यानुसार हातोडा पडून किंवा दुसऱ्या रूढ रीतीनं विक्री पुरी झाल्याचं जाहीर होईपर्यंत बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. बोली हा प्रस्ताव, हातोडा ही स्वीकृती. स्वीकृती होण्याआधी करारच नसतो, म्हणून विक्रेतासुद्धा माल मागे घेऊ शकतो. व्हॉट्सॲपवर हातोडा म्हणजे रविवारी रात्री ९ वाजता ॲडमिननं लिहिलेलं 'सोल्ड'. ते आलंच नव्हतं. इंदूरकराला या कलमाखाली जोडी मागता येईल असं आम्हाला वाटत नाही.

त्याच कलमात विक्रेत्याला आवर घालणारी एक गोष्ट आहे, ती ग्रुपवाल्यांनी लक्षात ठेवावी. आपल्यासाठी बोली लावण्याचा हक्क राखून ठेवल्याचं आधी जाहीर केलं नसेल, तर विक्रेत्यानं स्वतः किंवा माणूस बसवून बोली लावणं बेकायदा आहे. खोट्या बोलींनी भाव चढवला तर विक्री रद्द ठरवण्याचा पर्याय खरेदीदाराला मिळतो. "भाव फार खाली आहे, मेव्हण्याला दोन बोली टाकायला सांगतो" हा लवकर रद्द करण्याला पर्याय नाही.

इंग्लंडमध्ये १८७३ च्या हॅरिस विरुद्ध निकर्सन खटल्यात जाहिरात वाचून लंडनहून लिलावाला गेलेल्या खरेदीदाराला प्रवासखर्चही मिळाला नाही. ज्या लॉटांसाठी तो गेला ते मागे घेतले होते, आणि जाहिरात हा बंधनकारक प्रस्ताव नव्हे असं न्यायालयानं ठरवलं. राखीव किमतीशिवाय (म्हणजे याखाली विकणार नाही अशा अटीविना) असं जाहीर केलेल्या लिलावाची गोष्ट मात्र वेगळी. बॅरी विरुद्ध डेव्हिस या २००० च्या निकालात प्रत्येकी सुमारे १४,००० पौंड किमतीची दोन यंत्रं प्रत्येकाला केवळ २०० पौंडांची बोली आली म्हणून लिलावदारानं काढून घेतली, आणि त्याला २७,६०० पौंड भरपाई द्यावी लागली.

जर्मनीत पारडं पूर्ण उलटं आहे. तिथं ईबेवर वस्तू लावणं हाच बंधनकारक प्रस्ताव धरला जातो. एकानं फोक्सवागन पासाट गाडी १ युरोपासून लावली, काही तासांत बाहेर ४,२०० युरोला गिऱ्हाईक मिळालं म्हणून लिलाव तोडला. थांबवताना बोली १ युरोवर होती. गाडीची किंमत ५,२५० धरून तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं २०१४ मध्ये ५,२४९ युरो भरपाई मान्य केली. याच न्यायालयानं २०११ मध्ये कॅमेरा चोरीला गेला म्हणून लिलाव मागे घेणाऱ्याला सोडलंही होतं. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये विरावे जातीच्या जुन्या विमानाचा ईबे-लिलाव १,५०,००० डॉलरवर संपला. विक्रेता दुसऱ्याला जास्त भावानं देऊ पाहत होता, पण न्यायालयानं विमान बोली जिंकणाऱ्यालाच द्यायला लावलं. तिथं लिलाव पुरा झाला होता, हा फरक ध्यानात घ्यावा.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स निकाल या विषयाच्या जवळ येतो, जरी तो बँकेच्या थकीत कर्जवसुलीचा आहे. ई-लिलावात १०५.०५ कोटींची बोली स्वीकारून पैसे घेतल्यावर कर्जदारानं १२९ कोटी देऊ केले, म्हणून मालमत्ता त्याला सोडवू द्यायची का, हा प्रश्न होता. न्यायालयानं लिलाव जिंकणाऱ्याच्या बाजूनं कौल दिला. जाहीर लिलावावर लोकांचा भरवसा टिकला पाहिजे, हा त्यातला धागा आपल्या ६१ तिकिटांनाही लागू पडतो. त्यातलं कर्जवसुलीचं कलम मात्र लागू पडत नाही.

ईबेवर तांत्रिक अटकाव असतो. बोली असलेला लिलाव संपायला १२ तासांपेक्षा कमी वेळ उरला की विक्रेत्याला बोली रद्द करून बाहेर पडता येत नाही, लवकर संपवायचाच तर वरच्या बोलीला विकूनच. भारतात ईबे २००४ मध्ये बाझी डॉट कॉम विकत घेऊन आली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तिचं भारतीय संकेतस्थळ बंद झालं. त्यानंतर इथले बरेच छोटे लिलाव व्हॉट्सॲप आणि फेसबुकच्या ग्रुपांवर चालतात. तिथं अटकाव करणारं यंत्र नाही, फक्त नियमावली आणि ॲडमिनचा शब्द. आणि नियमावलीत लिहिलं होतं: "विशेष कारण असल्यास विक्रेता लिलाव रद्द करू शकतो." विशेष म्हणजे काय, हे कुणी लिहिलं नव्हतं.

गप्प राहिलेल्याचा प्रश्न

ॲडमिननं इंदूरकराला सरळ विचारलं: "तुला 'सी' कधी दिसला?" उत्तर आलं: "गुरुवारी रात्रीच, दादा." म्हणजे त्यानंही विक्रेत्यांना सांगितलं नव्हतं. मग तो व्यापाऱ्याहून चांगला कसा?

कायद्यानं दोघांचं मौन सारखंच. करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ चं स्पष्टीकरण सांगतं की बोलण्याचं कर्तव्य नसेल तर नुसतं गप्प राहणं ही फसवणूक नाही. संग्राहकांच्या व्यवहारातही दुसऱ्याच्या नजरेतून सुटलेलं ओळखणं ही कमाई मानतात. वीस वर्षं भिंग डोळ्याला लावल्याचा तो मोबदला.

पण उघड्या लिलावात गप्प राहणारा इतरांचे डोळे बांधत नाही. तेच फोटो दोनशे लोकांसमोर आहेत, कुणीही मोठे करून पाहावेत, भाव चढवावा. त्याच्या ज्ञानाला स्पर्धेचा धोका कायम असतो आणि त्या धोक्यातून विक्रेत्याला भाव मिळतो. खाजगी मेसेज पाठवणारा नेमका हा धोकाच काढून टाकतो. "ग्रुपमध्ये बोलू नका" ही ओळ नसती तर व्यापाऱ्याच्या बाजूनं बोलायला जागा होती. ती ओळ आहे, म्हणून नाही.

विक्रेता म्हाताऱ्या, एकट्या बाई असत्या आणि त्यांनी इंदूरकराला थेट विचारलं असतं, "बाळ, यात काही खास आहे का रे?", तर "काही नाही, काकू" म्हणणं हे मौन राहिलं नसतं, ते खोटं झालं असतं. प्रश्न विचारला गेला की मौनाची सवलत संपते.

शनिवारी सव्वादोनला काय करायला हवं होतं

पहिली गोष्ट, उत्तर न देणं. मुदत संपायला तीस तासांहून जास्त वेळ होता, पळून काही जात नव्हतं. दुसरी, उलट प्रश्न: "या जोडीत विशेष काय आहे?" उत्तर टाळलं गेलं तर तेच उत्तर. मग १० पट भिंगाखाली जोडी पाहायची: अक्षर, शाई, ओळींमधलं अंतर मिलिमीटरमध्ये. आणि मेसेजची प्रत ॲडमिनला.

त्यानंतर विक्रेत्यांपुढे तीन सरळ वाटा होत्या. लिलाव तसाच चालू ठेवून व्यापाऱ्याला "ग्रुपवर बोला" म्हणणं. किंवा वर्णन दुरुस्त करून मुदत २४ तासांनी वाढवणं. किंवा लिलाव खऱ्या कारणानं मागे घेणं, जोडी तपासून घेणं आणि राखीव किंमत जाहीर करून पुन्हा लावणं.

आमची पसंती मधल्या वाटेला. तिथं बोली लावणाऱ्यांचं काही हिरावलं जात नाही, ज्यांना नवा भाव नको त्यांना बाहेर पडता येतं, आणि विक्रेत्यांना खरा भाव मिळतो. मेसेज एवढाच पुरला असता: "लॉट क्र. अमुक. यात इंग्रजी नावात 'ओ'ऐवजी 'सी' असलेली जोडी असल्याचं आत्ता लक्षात आलं. आधी माहीत नव्हतं. स्कॅन सोबत आहे. तज्ज्ञांच्या तपासणीचा दाखला नाही. मुदत सोमवार रात्री ९ पर्यंत वाढवत आहे. आधीच्या सातही बोली मागे घ्यायची मुभा आहे." इंदूरकर यावर नाराज झाला असता, त्याचा गुप्त शोध फुटला असता. पण त्याला तक्रार करायला जागा उरली नसती.

रद्द करण्याची रास्त कारणं मोजकीच: वस्तू हरवली, फुटली, चोरीला गेली, वर्णनात खरेदीदाराला तोट्यात टाकणारी चूक निघाली, किंवा मालकीचा वाद उभा राहिला. शेवटचं कारण आजोबांच्या अल्बमांत वारंवार येतं. चुलत भाऊ पुण्याहून फोन करतो, "त्यात आमचाही वाटा आहे." असा फोन खरंच आला असेल तर थांबवणंच बरोबर. भाव कमी आला, बाहेर जास्त मिळतात, मन बदललं, ही कारणं नाहीत. भावाची भीती होती तर राखीव किंमत लावायची होती. मन बदलायचं होतं तर पहिली बोली येण्याआधी.

दंड का चालत नाही

प्रकरणानंतर ग्रुपवर पहिली सूचना आली ती दंडाची: रद्द केल्यास चालू बोलीच्या १० टक्के वरच्या बोलीवाल्याला द्यायचे. इथं ते झाले असते २३५ रुपये. समोर १८,००० असताना २३५ रुपये कुणाला थांबवतील? उलट दंड भरला की हिशेब चुकता झाला असं वाटू लागतं आणि रद्द करण्याला ठराविक दर लागतो. बोलीवर बेतलेला दंड नेमका तिथंच तोकडा पडतो जिथं माल स्वस्तात चालला आहे, आणि मोह तर तिथंच असतो.

म्हणून ॲडमिननं मोहाचं मूळच धरलं. नवा नियम असा: मागे घेतलेला लॉट किंवा त्यातला कुठलाही नग ९० दिवस कुणालाही, ग्रुपवर वा बाहेर, विकायचा नाही. त्यानंतर विकायचा तर आधी याच ग्रुपवर, जुन्या बोलीवाल्यांना नावानिशी कळवून. वस्तू खराब झाली असेल तर २४ तासांत फोटो. शेवटच्या १२ तासांत रद्द करणं बंद. आणि चालू लॉटबद्दल विक्रेत्याला खाजगी आकडा पाठवणारा सदस्य विक्रेत्याइतकाच जबाबदार. असा मेसेज आला तर विक्रेत्यानं तो ॲडमिनकडे द्यावा, त्याबद्दल त्याला काही लागणार नाही. ९० दिवसांचा आकडा काही पवित्र नाही. खाजगी गिऱ्हाइकाची घाई मरेल इतका तो लांब असला की झालं.

बाहेरच्या विक्रीवर लक्ष कोण ठेवणार, हा आक्षेप रास्त आहे. पूर्ण लक्ष ठेवता येत नाही. पण चुकीच्या तिकिटांचं जग लहान आहे आणि शिक्क्याची कमान लपत नाही.

निकाल

व्यापाऱ्याला ग्रुपमधून काढलं. शिक्षकांना सहा महिने विक्रीला बंदी, खरेदीला नाही. त्यांनी ग्रुपवर खरं कारण लिहिलं, तीन ओळींत, सबबी न सांगता. जोडी परत मिळण्याजोगी नव्हती. व्यापाऱ्याला ती परत मागण्याचा कुणालाच हक्क नव्हता, कारण शिक्षकांनी ती राजीखुशीनं विकली होती. दुसऱ्या बाजूनं, ग्रुपवरच्या विक्रीला असलेली 'नकली निघाल्यास सात दिवसांत परत' ही हमी त्या खाजगी सौद्याला नाही. फेसबुकवर जोडी अजून दाखल्याशिवायच लागलेली आहे.

बंदीला एवढाच अपवाद म्हणून उरलेली ५९ तिकिटं इंदूरकरानं घ्यावीत असं ठरलं. त्यानं ६०० डीपीआयचे स्कॅन मागितले, या वेळी 'डॉक्युमेंट' म्हणून. त्यात चार तिकिटांवर संस्थानच्या नावाची शाई टपालाच्या शिक्क्यावरून गेलेली दिसली. खऱ्या तिकिटावर नाव आधी छापलेलं असतं आणि शिक्का नंतर बसतो, म्हणजे शिक्क्याची रेघ वर हवी. ती चार कुणीतरी साध्या ब्रिटिश हिंदुस्थानी तिकिटांवर नंतर छाप मारून केलेली नकली होती. बहुधा आजोबांनाही कुणी गंडवलं असावं. ती बाजूला काढून ५५ तिकिटांचा सौदा १,४०० रुपयांना झाला, टपालखर्च विक्रेत्यांकडे.